पर्याय क

३ फेब्रुवारी, सोमवार

चहासुद्धा धड पिऊ दिला नाही! आल्या आल्या समर्थ सरांनी केबिनमध्ये बोलावलं. मोठ्या साहेबांचा हा धाकटा, वय एकोणतीस, दिवाळीपासून कंपनी तोच चालवतोय. "प्रज्ञा मॅडम, अकाउंट्सचा पगारखर्च एक तृतीयांशाने खाली आणायचाय. आता सॉफ्टवेअर घेतलंय ना आपण. प्लॅन तुम्हीच करा. तुमच्याइतकं कोण ओळखतं त्यांना?"

मी "हो सर" म्हणाले. चौदा वर्षांत ते आपोआप निघायला लागलंय.

डिपार्टमेंट म्हणजे मी आणि सहा जण. बिलाचा फोटो काढला की सॉफ्टवेअर स्वतःच वाचतं, स्वतःच नोंद करतं, हे खरं आहे. पण म्हणून कुणाला घरी पाठवायचं ते मी ठरवायचं? फायनान्स मॅनेजर म्हणून घेतलंय मला, की माणसं हाकलायला!

८ फेब्रुवारी, शनिवार

आई गुडघ्याच्या उपचारासाठी जामखेडहून आली आहे. सावेडीच्या फ्लॅटमध्ये तिला करमत नाही. मग लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगत सुटते, "माझी लेक म्यानेजर हाय." अकरा हंगाम ऊस तोडून शिकवलंय तिने मला. तिचा हक्कच आहे तो. पण आज ते कानावर पडलं आणि चिडचिड झाली.

जेवताना सहज म्हणून विचारलं, "आई, मॅनेजरलाच काढलं तर?"

हसलीच ती. "म्यानेजरला कोन काढंल? काढायचं काम म्यानेजरचंच असतंय!"

योगेशने माझ्याकडे पाहिलं. त्याला सोमवारचं सगळं सांगितलंय. माझा नवरा कॉलेजात शिकवतो, दर महिन्याच्या पगाराची खात्री असलेला माणूस. "तू तुझं काम कर, बाकी त्यांचं ते बघतील," म्हणाला. काय बघतील?

१० फेब्रुवारी, सोमवार

जेवणाच्या सुट्टीत नोकऱ्यांच्या साइटवर गेले. उगाच. दोनच प्रकार. एक म्हणजे नगरमध्ये "टॅली येणारा मुलगा/मुलगी पाहिजे", पगार पंधरा हजार. दुसरा पुणे, चाकण, रांजणगाव, तिथे आकडे बघून डोळे फिरतात, पण सीए हवा आणि वय पस्तीसच्या आत. मी सीएमए, वय एक्केचाळीस. मधली जागा कुठेच नाही. माझ्यासारख्या बायका-पुरुषांना कुठे ठेवतात हे लोक?

एका एजन्सीला फोनही केला. पोरगी फार गोड बोलली. "मॅडम, सध्या छोट्या कंपन्या पूर्ण वेळचा फायनान्स मॅनेजर घेतच नाहीत. आठवड्यातून दोन दिवस येणारा बाहेरचा माणूस घेतात, परवडतो त्यांना." आणि वर "हॅव अ नाइस डे"!

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

वाल्मिक आज टेबलापाशी घुटमळत होते. माझ्या हाताखाली आहेत, पण वयाने मोठे, बावन्न वर्षांचे. "मॅडम, आमी ऐकतोय ते खरं हाय का?"

मी म्हणाले, "मार्च जवळ आला की अफवा येतातच."

"तेबी खरंच म्हना," म्हणाले आणि गेले. सुकन्या पलीकडून टक लावून बघत होती. जीएसटी ती सांभाळते. मागच्या महिन्यातच तिने स्कूटर घेतलीये, हप्त्यावर. मला कशाला सांगायचं ते!

२० फेब्रुवारी, गुरुवार

सुचलं!

आमच्या धंद्यातली जुनी युक्ती. मालकाला कधीही एकच पर्याय द्यायचा नाही. तीन द्यायचे. दोन न पटणारे, आणि त्यांच्यामध्ये आपल्याला हवा तो. मालक मधला उचलतो, आणि अक्कल आपलीच असं समजून खूश होतो. मोठ्या साहेबांवर चौदा वर्षं चालली आहे.

पर्याय अ: चार जणांना काढायचं. ऐन मार्चमध्ये कोण धजेल? पर्याय ब: दोघांना स्टोअर्स आणि डिस्पॅचमध्ये हलवायचं, मी दोन वर्षं पगारवाढ घेणार नाही. एक तृतीयांश काही होत नाही, पण जवळपास जातं. कुणाची चूल विझत नाही. हाच हवाय मला.

पर्याय क मुद्दाम अचाट केला. मॅनेजरचं पदच रद्द! पुण्याच्या एखाद्या फर्मचा माणूस आठवड्यातून दोन दिवस. कुठला मालक आपल्या तिजोरीची किल्ली परक्याच्या हातात देईल? लिहिताना हसू येत होतं.

मग हिशेब मांडला आणि हसू थांबलं. माझा एकटीचा पगार त्या चौघांच्या पगारापेक्षा जास्त आहे. हे माहीत नव्हतं असं नाही, शेजारी शेजारी लिहून कधी पाहिलं नव्हतं. बाहेरच्या फर्मची फी वजा केली तरी एक तृतीयांश बरोब्बर बसतं. फी जरा वाढवून दाखवावी असं मनात आलं. हात नाही चालला. खोटा आकडा लिहिण्याची सवयच नाही.

जाऊ दे. तो वाचणारच नाही इतकं खोलात.

४ मार्च, मंगळवार

वाचलं.

मोठे साहेबही होते मीटिंगला. समर्थ सरांनी तीन पानं उलटली, परत शेवटचं काढलं. "क. एकदम क्लीन. आणि मॅडम, खरं सांगू? स्वतःबद्दल इतकं तटस्थपणे दुसऱ्या कुणी लिहिलंच नसतं. हॅट्स ऑफ."

मी मोठ्या साहेबांकडे पाहिलं. वाटलं, आता हे बोलतील. ते मोबाईलमध्ये बघत म्हणाले, "प्रज्ञाताई, एप्रिलअखेरपर्यंत आहातच तुम्ही. तीन महिन्यांचा पगार वर देऊ. तुमचं काही अडू देणार नाही."

आणि मी काय म्हणाले? थँक्यू म्हणाले! "सर, तो पर्याय खरा नव्हता" एवढं एक वाक्य तोंडातून फुटलं नाही. कसं फुटणार? मग उरलेले दोन तरी खरे कशावरून, असंच विचारलं असतं त्याने.

५ मार्च, बुधवार

मीच लिहिलं, मीच टाईप केलं, आणि रंगीत प्रिंटही मीच काढली!

१० मार्च, सोमवार

आज डिपार्टमेंटमध्ये कळलं. कसं ते माहीत नाही. दुपारी सहाही जण रांगेने केबिनमध्ये आले. सुकन्या रडत होती. वाल्मिकांच्या हातात पेढ्यांचा पुडा, द्यावा की नको अशा विचारात. "मॅडम, आमची नावं खोडून तुमी तुमचंच नाव लिव्हलं म्हने. असं कोन करतंय वो? माझ्या पोरी तुमचं नाव घेतील जन्मभर."

"नाही हो, मी डाव टाकला आणि तो फसला," असं सांगायला हवं होतं. त्यांचे चेहरे बघितले आणि हात पुढे केला. पेढा घेतला. फार लाज वाटली. आणि मनात कुठेतरी बरंही वाटलं, त्याची त्याहून जास्त लाज वाटली.

योगेशला हे सांगितलं तर म्हणाला, "अगं, मग वाचलेच की ते. का वाचले याने काय फरक पडतो?" पडतो! मला पडतो.

३१ मार्च, सोमवार

वर्षअखेरचं क्लोजिंग झालं. पहिल्यांदा एकही फरक निघाला नाही. कुणाला सांगू?

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. पांढरी कोरी साडी नेसून आई मला मिरवायला विहारात घेऊन गेली. मिरवायलाच! दिसेल त्याला "माझी लेक, म्यानेजर". एका बाईंनी विचारलं, "कोणत्या कंपनीत?" मी नाव सांगितलं. अजून सोळा दिवस ते खोटं नाही.

परत येताना रिक्षात सांगून टाकलं तिला. सगळं. डाव, पर्याय, पेढे. वाटलं आई रडेल. मग हळूच तिने विचारलं, "तुला उचल तर परत द्यावी लागत न्हाई ना?"

टोळी सोडली की मुकादम आधी दिलेली उचल वसूल करतो. तिला नोकरी सुटणं म्हणजे तेवढंच माहीत.

"नाही गं आई. उलट तेच देणारेत."

"मंग सुटलीस की. रडतीस कशाला?"

मी रडत होते हे मला तोपर्यंत कळलं नव्हतं.

२ मे, शुक्रवार

घरी. दहा वाजता काय करायचं असतं घरी? तीनदा ओटा पुसला. आई म्हणाली, "बस की वाईच." बसता येत नाही.

९ मे, शुक्रवार

पुण्यात मुलाखत. समोर दोन पोरं. "टीम सांभाळलीये हे ठीक, पण टीमच नसेल तर तुम्ही काय करता?" हसून विचारलं त्यांनी. आधीच्या पगारापेक्षा वीस टक्के कमी देतो म्हणाले, आणि रोज नगर-पुणे करायचं! येताना बसमध्ये स्वतःशीच भांडत आले.

१६ मे, शुक्रवार

फोन आला. आमच्या कंपनीचं काम घेतलेल्या पुण्याच्या फर्मचाच! त्यांचे भागीदार भागवत सर. "समर्थजींनी तुमचा प्लॅन दाखवला. अहो, आम्ही कंपन्यांना महिनोन्‌महिने जे समजावतो ते तुम्ही एका पानात मांडलंय. आमच्याकडेच या. नगरच्या आसपासच्या कंपन्या तुम्ही बघा." पगार आधीच्या दीडपट. घर सावेडीतच.

योगेशने मिठीच मारली. आईने शेजारी सांगून टाकलं, लेक आता म्यानेजरच्याही वरची झाली. मीही हसले. मनापासून हसले, खोटं का बोलू? मी लिहिलेलं कुणीतरी नीट वाचलं होतं.

हो म्हणाले.

९ जून, सोमवार

आजपासून सुप्याची एक नवी कंपनी माझ्याकडे. त्यांचे फायनान्स मॅनेजर गहिनीनाथ मला न्यायला स्वतः गेटपर्यंत आले. सगळ्या ऑफिसची ओळख करून दिली, डबाही अर्धा मला दिला. "बरं झालं मॅडम तुमी आलात, लई ताण हुता एकट्यावर. तुमी दोन दिवस या, बाकीचे दिवस मी हायेच."

त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.