पाव सूर खाली

४ फेब्रुवारी
घेतलं एकदाचं अंगावर! एकट्या चेलोसाठी सतरा मिनिटांची नवी रचना. लिहिणारा माझ्या निम्म्या वयाचा. कागदावर मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखे सूर. गजाचं लाकूड आपट, तारेवर नख ओढ, आणि वर सूचना – 'दार करकरल्यासारखं.' मग दारालाच बोलवा की!

५ फेब्रुवारी
एक अख्खं पान पाव सूर खाली वाजवायचंय. म्हणजे बेसूरच, पण मोजूनमापून. दुसऱ्या ओळीलाच आतल्या खोलीतून आरोळी – "ओ बाई! उतरलाय!"
बाबा. माझे पहिले मास्तर. सातव्या वर्षी हातात गज दिला, त्यानंतर कधी 'वा' म्हटलं नाही. 'बाई' म्हणजे मी. माझं नाव त्यांच्या डोक्यातून गेलं, त्याला वर्ष होत आलं. कान मात्र जागेवर!
"बाबा, लिहिलंच आहे तसं!"
"मग लिहिणाऱ्यालाही सांगा."

११ फेब्रुवारी
उतरलाय. उतरलाय. उतरलाय.
बाबांना सांभाळणाऱ्या मावशी म्हणतात, "ताई, यांना जेवलेलं आठवत नाही, पण तुमचं चुकलेलं बरं कळतं!"
बापाचं काळीज, मावशी. दुसरं काय?

१५ फेब्रुवारी
डॉक्टरांनी मेंदूचे नवे फोटो पाहिले. "हळूहळू सगळंच जाईल. कान टिकलाय हेच नवल."
घरी आले, चप्पल काढली न काढली, वाजवायला बसले. "ओ बाई!" – आली हाक. आणि मी, एवढी घोडी, गज मांडीवर टाकून हमसाहमशी रडले. एका 'वा'साठी जन्म काढला. आता 'उतरलाय' ऐकायला जीव टांगणीला!

२० फेब्रुवारी
लिहिणारा ऐकायला आला. केसांची गाठ, पायांत दोन रंगांचे मोजे. त्याच्यासमोरच आतून आरोळी. बिचारा थक्क!
"एवढा बारीक फरक कळतो त्यांना?"
"तेवढाच कळतो," म्हटलं.
जाताना आत जाऊन बाबांच्या पाया पडला. मोजे माफ.

२४ फेब्रुवारी
हाक आली. पण पान संपल्यावर.

२६ फेब्रुवारी
आज नाहीच. दार सताड उघडून पुन्हा वाजवलं. नाही. पुन्हा, जोरात.
मावशी बाहेर आल्या. "झोपलेत हो ताई."
झोपलेच असतील.
पाणी प्यायला आत गेले, तर बाबांचे डोळे टक्क उघडे.

२७ फेब्रुवारी
खुंटी सैल होऊन जाड तार पार ढिली पडलेली. न बघताच गज ओढला – रेडा रेकला! मान वर केली, तर मावशींचा खांदा धरून बाबा दारात. डोळ्यांत पाणी.
"वा! काय सुरेल हात आहे हो, बाई! माझी मुलगी आहे. जिभेने तिखट, पण कानाची पक्की. शिकवाल तिला?"
हो म्हटलं.