टपावरचं ऊन

केळवे, सुरूच्या बनापाशी
मंगळवार, दुपारी दोन

आदरणीय विनोददादा,

पुंडलिकचा वाकून आणि हंसाचा (ती तांदूळ निवडतेय, म्हणून) बसल्या जागेवरून नमस्कार. वहिनींचा गुडघा आणि तुमची साखर दोन्ही ताळ्यावर असतील अशी आशा करतो. तुमची धाकटी बहीण सुखरूप आहे हे आधीच सांगून टाकतो, कारण पत्र उघडल्यावर तुम्ही तेच शोधणार. परवाच्या वादळी वाऱ्यात खांब पडले, तेव्हापासून इथे ना लाइट ना मोबाइलला रेंज, म्हणून हे पत्र अंकुशच्या हाती सफाळ्याला पाठवतोय. (अंकुश म्हणजे सुलूचा नवरा. सुलू कोण, ते पुढे येतंच.)

बोईसरच्या कारखान्यात एकतीस वर्षं इलेक्ट्रिशियन म्हणून काढल्यावर मी जुना टेम्पो घेतला, त्यात बिछाना, शेगडी, छोटा फ्रीज बसवला आणि हंसाला घेऊन फिरायला निघालो, तेव्हा तुम्ही म्हणाला होतात की या वयात माणूस घर बांधतो, घराला चाकं लावत नाही. मला त्याचा राग आला नाही. (आला होता, पण उतरला.) टेम्पोचा टप गोलसर, त्यावर काचेचं जड सोलर पॅनल बसेना, म्हणून वाकणारी दोन पॅनलं आणली. पुठ्ठ्याएवढी जाड, हातात धरली तर ओल्या पापडासारखी लवायची. दुकानदार निघताना म्हणाला, "अंकल, ज़्यादा मोड़ना मत." मी मनात म्हटलं, इतकी नाजूक वस्तू मी मोडेन कशाला? आणि दोन्हींची मिळून चटईसारखी घट्ट गुंडाळी केली आणि स्कूटरवर बांधून घरी आणली. हिंदीत मोडणं म्हणजे वाकवणं, हे हंसाने सांगेपर्यंत आतल्या पॅनलचा जीव गेला होता. उरलेलं मी टपावर चिकटवलं. (सोबत माझी डावी चप्पलही चिकटली. ती अजून वर आहे.)

इथे बनाच्या कडेला टेम्पो लावला, तर शेजारीच सुलूचं घर. मासे सुकवून विकते, बोलायला खणखणीत, आणि दम्याने बेजार झालेल्या सासूला, तानीबाईंना, तळहातावर जपते. आज सकाळी नऊच्या सुमाराला तीच सुलू धावत आली. म्हातारीचा श्वास कोंडला होता, वाफ द्यायचं मशीन घरात होतं, पण ते चालवायला लाइट नव्हती. रस्त्यावर सुरूची झाडं आडवी, त्यामुळे पालघरहून गाडी येण्याची सोय नाही, आणि अशा अवस्थेत म्हातारीला मोटरसायकलवर बसवणार कसं? मी छाती पुढे काढून म्हटलं, आणा त्यांना इकडे, आपल्याकडे सूर्याची वीज आहे. मशीन जोडलं, बटण दाबलं. लाल दिवा एकदा लुकलुकला आणि विझला. पॅनलवर भरणाऱ्या बॅटरीत काही शिल्लकच नव्हतं. (इंजिनाची बॅटरी वेगळी, ती घरातल्या विजेला जोडलेली नाही.)

मी शिडी लावून वर चढलो, तर दादा, टपभर जवळा वाळत घातलेला! चपलेची जागा सोडून पॅनलचा बोटभर कोपरासुद्धा मोकळा नव्हता. खालून सुलू रडवेल्या आवाजात म्हणाली, "काका, पावसानं आंगण ओलं हाय, न् तुमची ती काली चादर लय तापते. कालपासून आमी तितंच सुकवतो. मला काय ठावं?" तिला काय बोलणार? मी स्वतः काल दुपारभर त्याच टपाखाली घोरत होतो. आपल्या डोक्यावर काय वाळतंय, हे माणूस कधी बघतो?

हंसाने केरसुणी घेतली, सुलूने सूप, आणि सगळा जवळा खाली आला. दोन बादल्या पाणी ओतून पॅनल धुतलं. तरी सुरूंची सावली होतीच, म्हणून मी टेम्पो सगळ्यांसकट तसाच पुढे, थेट मोकळ्या रेतीवर काढला. तिथे लख्ख ऊन. आम्ही सगळे मीटरसमोर. म्हातारीचे ओठ काळसर पडलेले, छातीतून शिट्टी वाजत होती, आणि हंसाने तिचा हात घट्ट धरला होता. मीटरवरचा आकडा शून्यावरून हलला. मग एक ढग आला, आकडा खाली. ढगाकडे इतक्या जणांनी इतक्या रागाने पूर्वी कधी पाहिलं नसेल. तो सरकला. पंधरा मिनिटं गेली असतील, मला ती एकतीस वर्षांपेक्षा लांब वाटली. मी बटण दाबलं आणि मशीन घर्र करून सुरू झालं.

दादा, तारापूरच्या बाजूने येणाऱ्या त्या उंच मनोऱ्यांच्या तारांखाली आपली उभी हयात गेली. वीज मी रोज हाताळली, तिचे झटकेही खाल्ले, पण ती येताना मी कधी पाहिली नव्हती. आज पाहिली. ना धूर, ना आवाज, ना काही फिरणारं. कोट्यवधी मैलांवरून ऊन निघालं, एका लवलवत्या काळ्या कापडावर पडलं आणि तिथून सरळ एका म्हातारीच्या छातीत गेलं. शिट्टी हळूहळू थांबली. तानीबाईंनी डोळे उघडले, आधी मशीनकडे पाहिलं, मग वर आभाळाकडे, आणि हात जोडले. मला वाटलं मला जोडले, म्हणून मीही जोडले. मग कळलं, त्या सूर्याला नमस्कार करत होत्या. मग मीही वळून त्यालाच केला. दुपारी रस्ता मोकळा झाल्यावर डॉक्टर येऊन तपासून गेले. म्हणाले, आता धोका नाही.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमचा,
पुंडलिक

ता. क. तुमचा ट्रॅक्टर सध्या मोकळा आहे का? टेम्पो रेतीत चारही चाकं रुतवून बसला आहे. अंकुशच्या अंदाजाने पाच वाजेपर्यंत भरतीचं पाणी दाराशी येईल. जाड दोर असेल तर आणा.

ता. क. २. आता अंकुश म्हणतो, पाच नव्हे, चार.

ता. क. ३. हंसा म्हणते, ट्रॅक्टरचं पत्राच्या अगदी वर लिहायला हवं होतं. पण वर तर नमस्कार असतो. तेव्हा तुम्ही आधी ट्रॅक्टर सुरू करा, पत्र मागाहून निवांत वाचा.