कोपऱ्यातली लाल खूण

मंगळवार, संध्याकाळ

बाबा गेल्यानंतर आज पहिल्यांदा त्यांचा कॉम्प्युटर लावला. त्यांच्या कंपनीतल्या निवृत्त लोकांचं पान उघडलं. वर कोपऱ्यात तीच लाल खूण, पानावरचं काहीतरी अडवल्याची. बाबा दिसेल त्यावर क्लिक करायचे, म्हणून पानांत दडलेले धोकादायक प्रोग्राम, म्हणजे स्क्रिप्ट, अडवणारा ब्लॉकर मीच बसवला होता.

"इथं हल्ली कुणीच काही लिहीत नाही. सोपानसुद्धा विसरला," म्हणायचे. फोन करा म्हटलं, तर "मीच का करू?" ती लाल खूण त्यांनी मला दोनदा दाखवली. बघतो म्हणालो. बघितलं नाही.

आज या पानापुरता ब्लॉकर बंद केला आणि खाली सगळ्यांचे निरोप दिसू लागले. बाबांचे कंपनीतले जुने मित्र, देहूरोडचे सोपानकाका, त्यांचेच सहा. शेवटचा, "काय राव, बोलत न्हाईस. रागावलास व्हय?"

दशक्रियेला काकांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "माझं काय चुकलं रं?" तेव्हा मला काही कळलंच नव्हतं.

उद्या शिफ्ट सुटली की तळवड्याहून थेट देहूरोडला जातो. काकांना सांगेन, बाबा तुमचीच वाट बघत होते, चूक माझी होती. पण बाबांना कोण सांगणार?