मोज्यातला जबडा

सोमवार, ८ जून
चोरी केली! धाकट्याचा जबडा पळवला. दातांच्या कॉलेजातून, बाईंच्या कपाटातून. प्लास्टरचा. मोज्यात कोंबला नि सटकलो. चिठ्ठीवरचं त्याचं नाव तेवढं वाचलं, दात बघितलेसुद्धा नाहीत. बघायचंय काय, जबडा माझाच!

आम्ही जुळे. माझा उजवा सुळा वाकडा, त्याचा डावा. समोरासमोर उभे राहिलो की आरसाच! आमच्यातलं उष्टं सफरचंद कुणाचं, ते आई दातांच्या खुणेवरून सांगायची. बाईंना जुळ्यांचे दात तपासायचे होते. वाकडेपणा रक्तातून येतो की आणखी कशानं, ते बघायला. तोंडात गुलाबी लगदा भरून साचा घेतात. धाकट्याला नुसत्या वासानं उमासे. "भागूबाई!" म्हटलं, नि त्याचा शर्ट घालून त्याच्या जागी पण मीच बसलो. घरी येईपर्यंत हसून हसून पोट दुखलं दोघांचं.

मागच्या वर्षी तो तापात गेला.

आता आई म्हणते, "बाईंकडे त्याचे दात असतील रे. उद्या मागून आणते." आणेल, बोट फिरवेल, नि वाकडा सुळा उजवीकडे! काय तोंड दाखवू?

मंगळवार, ९
आई रिकाम्या हाताने आली. "सापडत नाही म्हणाल्या." जेवली नाही.

बुधवार, १०
टेबलाच्या खणात त्याचं जुनं पेन. टोपण पार चावलेलं. डाव्या सुळ्यानं.

गुरुवार, ११
मोजे धुवायला घेतले नि आईला जबडा सापडला. मेलो! तिनं डोळे मिटून बोट फिरवलं. थांबली. "हा बघ. माझा धाकटा."
सुळा डावीकडे. डावीकडे!!

पळत बाईंकडे. चोरीबिरी सगळं सांगून टाकलं. बाई रागावल्याच नाहीत. "अरे, जुळे झाले म्हणून दोघांचे साचे इतके तंतोतंत जुळतात होय? टवकासुद्धा त्याच दाताला! तेव्हाच ओळखलं. त्याला एकट्याला परत बोलावलं. ओकला बिचारा, पुन्हा बसला, पुन्हा ओकला. पण साचा देऊनच गेला. जाताना म्हणतो, 'दादाला कळू देऊ नका हं. त्याला वाटतंय आपण फसवलं. मजा जाईल त्याची.'"
जबडा आईकडेच राहू दे म्हणाल्या.

शुक्रवार, १२
वही, हे तुझ्यामाझ्यातच ठेव. पाया पडतो, कुणाला म्हणजे कुणाला सांगू नकोस. त्याला तर मुळीच नाही — मला कळलंय म्हणून. मजा जाईल त्याची.