ओपलच्या खोलीबाहेरची जस्ती विहीर

प्रति,
मा. मुख्य इमारत अधिकारी,
नगर इमारत परवाना विभाग,
वॉलरी, नेब्रास्का.

विषय : तळघरातील निजायच्या खोलीच्या खिडकीबाहेर बसवलेल्या जस्ती पत्र्याच्या विहिरीस अंतिम मंजुरी मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या विभागाचे नामंजुरीचे तीन शेरे, पैकी तिसरा पहिल्याच्या विरुद्ध.

महोदय,

अर्जदार मार्लिस कुबीचेक ही विधवा असून गावातील शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरीस आहे. तिचा मुलगा दारू सोडण्यासाठी लिंकन येथील केंद्रात दाखल आहे व सून पूर्वीच घर सोडून गेलेली आहे. त्यांची मुलगी ओपल, वय वर्षे नऊ, हिला बालकल्याण खात्याने दुसऱ्या जिल्ह्यातील एका कुटुंबाकडे ठेवले आहे. ते लोक भले आहेत, त्यांच्याविषयी अर्जदाराची काही तक्रार नाही. परंतु ओपलला आजी आहे आणि आजीला घर आहे.

खात्याच्या बाईंनी घर पाहिले. स्वयंपाकघर, न्हाणीघर, अंगण सर्व पसंत पडले. अडले ते निजायच्या खोलीपाशी. वरच्या मजल्यावर खोली एकच, दुसरी तळघरात, आणि तळघरातील खोलीला आग लागल्यास बाहेर पडता येईल अशी खिडकी नव्हती. अर्जदाराने सांगितले की वरची खोली मुलीला देऊन आपण खाली निजू. मोठ्या माणसासही तीच खिडकी लागते, असे उत्तर मिळाले. मग बैठकीच्या खोलीत कोचावर निजू, म्हटले. कोच ही निजण्याची जागा धरता येत नाही, असे कळले. सबब खिडकी करणे भाग पडले.

भिंत कापून मोठी खिडकी बसवण्याचे काम माहीतगार माणसाकडून करून घेतले. खिडकी जमिनीच्या खाली येत असल्याने तिच्यासमोर माती अडवून धरणारा अर्धगोल पत्रा उभा करावा लागतो. यालाच येथे खिडकीची विहीर म्हणतात. दुकानदार दगडासारखी दिसणारी प्लॅस्टिकची विहीर अर्जदाराच्या गळ्यात मारू पाहत होता. रंग जात नाही, पाहुण्यांना आवडते, वगैरे. अर्जदाराच्या भावाचे, लव्हर्नचे, मत लाकडी फळ्यांचे होते, कारण फळ्या त्याच्या गोठ्यामागे पडूनच होत्या. अर्जदाराने दोघांचेही ऐकले नाही. तिच्या वडिलांची मक्याची कोठी नालीदार जस्ती पत्र्याची होती. ती गारा, वादळे आणि तिच्या भावाचा ट्रॅक्टर इतके सोसून अद्याप उभी आहे. तोच पत्रा घेतला. लव्हर्न दोन दिवस रुसला व नंतर फावडे घेऊन आला.

गॅसच्या नळीची जागा आधी आखून घेतली. खड्डा दोघांनी खणला. पत्रा बोल्टांनी घराच्या पायाला आवळला, वरची कड पावसाचे पाणी आत येऊ नये इतकी जमिनीच्या वर ठेवली, तळाला खडी घालून निचऱ्याची नळी जोडली. हे सर्व आपल्याच विभागाच्या पुस्तिकेत पाहून केले.

यानंतर आपले निरीक्षक श्री. हॅगन आले. त्यांनी विहीर किती खोल ते मोजले आणि इतक्या खोल विहिरीस शिडी हवी, असा शेरा दिला. शिवाय मूल वरून आत पडेल, म्हणून झाकण लावण्यास लिहिले. दोन्ही रास्त होते. शिडी व लोखंडी जाळीचे झाकण बसवले. फेरतपासणीस श्री. ड्रॉस आले. त्यांच्या मते शिडीने आतली जागा खाल्ली, सबब विहीर मोठी करावी. तोवर डिसेंबर लागला होता. गोठलेली जमीन कुदळीला दाद देईना. लव्हर्नने जुन्या पिंपात लाकडे पेटवून माती सैल केली, आणि पहिला पत्रा उपसून त्याहून रुंद पत्रा व त्याच मापाचे नवे झाकण बसवले. त्या कामात त्याच्या पाठीत जी उसण भरली, ती अजून आहे. मग श्री. ड्रॉस पुन्हा आले व म्हणाले की झाकण जड आहे, नऊ वर्षांच्या मुलीस आतून उचलणार नाही, ते काढावे. म्हणजे एका साहेबांनी झाकण नाही म्हणून नापास करायचे आणि दुसऱ्यांनी आहे म्हणून.

त्याच आठवड्यात शनिवारी खात्याच्या बाई ओपलला भेटीसाठी घेऊन आल्या. अर्जदाराने मुलीस खाली नेऊन गोष्ट सांगितली. ओपलने कोट काढला, शिडीवर चढून खांदा लावला, आणि झाकण बर्फासकट वर गेले. डोके बाहेर काढून ती म्हणाली, "आजी, उचललं मी. आता सांग त्यांना."

सोमवारी अर्जदार कामावरून रजा घेऊन आपल्या कार्यालयात ते सांगावयास गेली. श्री. ड्रॉस यांचे उत्तर असे : "तिनं उचललं असेल बाई, पण मी पाहिलेलं नाही. मुलीला समोर आणा." मुलगी भेटीस शनिवारीच येते. शनिवारी आपले कार्यालय बंद असते. आणि इतर दिवशी ती येथे यावी, तर आधी खोली मंजूर हवी. हे अर्जदाराने सांगितले, तेव्हा त्यांनी चष्मा पुसला व आपल्याला जेवणाची सुट्टी झाल्याचे सांगितले. शेजारच्याच टेबलाशी श्री. हॅगन बसले होते. त्यांना विचारले असता, ड्रॉसच्या शेऱ्याविषयी आपण काही बोलू शकत नाही, असे ते खिडकीबाहेर पाहून म्हणाले.

बाहेर पडताना विभागातील एका व्यक्तीने अर्जदारास जिन्यात गाठले. त्या व्यक्तीचे नाव येथे लिहीत नाही. ती म्हणाली, "मार्लिस, तुझ्या विहिरीत काही खोट नाही गं. ते दोघं गेल्या उन्हाळ्यापासून एकमेकांशी बोलत नाहीत. एकानं लिहिलेलं दुसरा वाचतसुद्धा नाही." आपण ज्या पदावर बाहेरून नेमले गेलात, त्या पदाची आशा दोघांनाही होती असे समजते. तो आपल्या विभागाचा प्रश्न आहे. अर्जदाराने त्यापायी अंगण दोनदा खणले आहे.

महोदय, आता घाईचे कारण. ज्या कुटुंबात ओपल आहे, ते शाळा संपताच ऑरेगनला जात आहे आणि तिला सोबत नेण्यास तयार आहे. न्यायाधीशांनी पुढील सुनावणीस आजीच्या घराचा दाखला मागितला आहे. तो नसल्यास मुलीला जाऊ देण्यावाचून आपल्यापुढे मार्ग नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. सुरुवातीला ओपल प्रत्येक फोनवर खोलीचे विचारत असे. पडदे कोणते, रात्री वरचे आवाज ऐकू येतात का, कुत्र्याला खाली येऊ देशील का. गेल्या रविवारी तिने खोलीचे नावही काढले नाही. ऑरेगनच्या शाळेत पोहण्याचा तलाव आहे, एवढे सांगितले. "छान आहे," असे अर्जदार म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर तळघरात जाऊन ओपलसाठी मांडलेल्या पलंगावर बसून राहिली.

अर्जदाराचे शिक्षण बेताचे आहे. नियम मोडावा असे तिचे म्हणणे नाही. मूल झोपणार त्या खोलीचा नियम कडकच असावा. फक्त तो एक असावा.

तरी विनंती की, येत्या शनिवारी ओपल घरी असताना श्री. हॅगन व श्री. ड्रॉस या दोघांनाही एकाच वेळी पाठवावे. दोघांनी मिळून विहिरीत उतरावे. ती दोघांना पुरेल, आपल्या विभागानेच ती मोठी करवून घेतली आहे. त्यांनी एकमेकांशी बोलण्याची आवश्यकता नाही. मुलगी झाकण उचलील, ते दोघांनी पाहावे आणि एकाच कागदावर सही करावी. कॉफी व कोलाचे, म्हणजे खसखस भरलेले गोड पाव, तयार असतील. ते मंजुरीवर अवलंबून नाहीत.

शनिवारी सकाळपासून दारात उभी असणारी,
आपली नम्र,
मार्लिस कुबीचेक
वॉलरी, दि. ४ मार्च

सोबत : तिन्ही शेऱ्यांच्या प्रती. विहिरीचे छायाचित्र, झाकणासह. तेच, झाकणाविना.

(अर्जाच्या समासात, मुख्य अधिकाऱ्यांच्या अक्षरात)
दोघेही शनिवारी जातील. मीही येतो. विभागाची गाडी एकच आहे. दोघांनी मागे बसावे.