हिमनदीवरचं कन्यादान

स्वित्झर्लंड, १२ मार्च १९५८

चि. शरदचंद्र यास ताईचा आशीर्वाद.

मी ठीक आहे. यशोदावहिनीचा खोकला थांबला का?

काल तुझ्या उर्मिलाचं लग्न झालं, उंचावरच्या हिमनदीवर. हेलिकॉप्टरने आधी वधूवरांना नेलं, मग मला. जावई सभ्य आहे. संयुक्त महाराष्ट्रासाठी तू तुरुंगात गेलास, पण जावई गोरा म्हणून लेकीच्या लग्नाला आला नाहीस.

तुझ्या जागी मी, विधवा आत्या, उभी राहिले. हसू आलं नाही, रडूही नाही. कन्यादानाचं पाणी सोडायला तांब्या तिरका केला, तर आत बर्फ.

"असू दे, आत्या," उर्मिला म्हणाली. आम्ही तसेच उतरलो.

तेव्हा तेवढा विधी राहिला आहे. दिवाळीत दोघं फणसवाडीला, तुझ्या घरी येतील. दार तू स्वतः उघड.

तुझी,
ताई