राखेच्या तलावाची पाळ

२५ मे, रविवार

आज मामा कापडावरच झोपला!

सकाळी मामीच्या अंगणात मोठं कापड अंथरलं, डिंकाचा हात दिला, नेहमीसारखं सामान मांडलं — सूप, पाण्याचा गुंड, मामीच्या चपला. वारा सुटला की पाळीपलीकडून राख उडत येते आणि कापडावर बसते. संध्याकाळी वस्तू उचलायच्या. त्यांच्याखाली कापड पांढरं, बाकी सगळं करडं. एवढंच माझं चित्र. ब्रश नाही, रंग नाही. वीज कंपनी जळलेल्या कोळशाची राख पाण्यासोबत तलावात सोडते ती राख, आणि त्या तलावाच्या पाळीच्या, म्हणजे उंच बांधाच्या, पायथ्याशी शालिकराम मामाचं घर.

मी आत जेवत होते. मामा शेतातून आला, लिंबाखाली कापड दिसलं, आडवा झाला. उन्हं उतरल्यावर उठला तर शर्टाला डिंक! आणि कापडावर मामा — पांढरा. एक हात डोक्याखाली, पाय जरा दुमडलेले. इतकं चांगलं माझ्या हातून कधी झालं नव्हतं.

पंचफुला मामी कापडाभोवती एक फेरी मारून आली. मग म्हणाली, "हे पुसून टाक वं."

नाही पुसलं.

८ जून, रविवार

पिशव्या घेऊन मामाकडे परत गेले. जुनी, तळातली राख निळसर असते, वरची जवळजवळ पांढरी. मामी हसत होती — "आमी पुसू पुसू थकलो, अन् तू पिशवीत भरून नेतं."

येताना मामाने पाळीशी नेलं. पायथा ओला आहे. पाऊस अजून पडलेलाच नाही! हात लावला — गार, भिजवलेल्या कणकेसारखं. बोट आत गेलं. मामा सांगत होता, उन्हाळाभर असंच आहे, गेटवर दोनदा सांगून आला. गेटवरच्याने नाव विचारलं. कुठे लिहिलं मात्र नाही.

घरी आल्यावर किती वेळ हात धूत होते.

२४ जून, मंगळवार

सुमंत आला होता, पुण्याचा. प्रदर्शनं भरवतो. इकडे शहरात, लकडगंजला माझ्या खोलीखाली आरा मशीन सुरू असते, त्या आवाजात ओरडून बोलत होतो दोघं. मामाचं चित्र बघितलं आणि तो खालीच बसला. ऑगस्टमध्ये इथे प्रदर्शन, मग मुंबई, असं म्हणाला. माझं पहिलं एकटीचं प्रदर्शन! शाळेत चित्रकला शिकवता शिकवता ही आशा मी सोडून दिली होती.

प्रेरणा काय, विचारलं. मी म्हटलं, मामीचं अंगण. त्याने लिहून घेतलं — विस्थापन. मी म्हटलं, अहो, अजून कोणी विस्थापित झालेलं नाही. चालतं, म्हणाला.

१ जुलै, मंगळवार

मामाच्या चित्राला गिऱ्हाईक आलं. वीज कंपनी! त्यांच्या गेस्ट हाऊससाठी. ज्यांची राख, तेच घेणार. तिथले मोठे साहेब आहेत, श्रीधर देशकर, त्यांना म्हणे चित्रांचा नाद आहे. सुमंत खूश. मला कसंतरीच होतंय, पण नाही म्हणवलं नाही.

१५ जुलै, मंगळवार

आज देशकरांना भेटून आले. हळू बोलणारा, नीटस माणूस. चित्रं खरंच कळतात त्यांना. राख बसायला किती वारा लागतो, डिंक कोणता, सगळं विचारलं. हे झोपलेले कोण, असं विचारलं तेव्हा सांगितलं — माझे मामा. तुमच्या पाळीखालीच राहतात. आणि पायथा ओला आहे तेही सांगून टाकलं.

त्यांनी उठून दार लावून घेतलं. मग आवाज आणखी खाली आणून म्हणाले, "पावसाळाभर मामा-मामींना तुमच्याकडे घेऊन या."

मी विचारलं, म्हणजे?

"एवढंच सांगू शकतो मी."

चहा आला. प्यायले. म्हणजे पाळ फुटू शकते हे यांना माहीत आहे. आणि फक्त मला सांगितलं!

२० जुलै, रविवार

मामाला सगळं सांगितलं. मामीने लगेच पिशवी काढली. मामा खाटेवरून हलला नाही. म्हशीच्या पाठीवरून हात फिरवावा तसा खाटेवर हात फिरवत होता.

"आमाले दोघालेच काहून?" म्हणाला. "बाकीच्याले मरू द्याचं का?"

खरं सांगायचं तर येताना बाकीची घरं माझ्या मनातसुद्धा आली नव्हती.

२३ जुलै

पाऊस. दिवसभर. मामीचा फोन — पाळीला आधी पाझर होता, आता धार आहे.

३ ऑगस्ट, रविवार

मामाने टोलीत, पाळीखालच्या त्यांच्या वस्तीत, बैठक घेतली. मी गेले होते. सरपंच रुपराव यांनी तिथूनच कंपनीला फोन लावला, स्पीकरवर. देशकरच बोलले. पाळ मजबूत आहे, तपासणी झालेली आहे, अफवांवर विश्वास ठेवू नका. तोच हळू, नीटस आवाज!

मी उठून म्हटलं, मला यांनी स्वतः सांगितलंय. रुपराव म्हणाले, बाई, तू शहरातली, तुह्या चित्राचा धंदा हाय. कोणीतरी मागून म्हणालं, घरं खाली करून जागा घ्याचा डाव हाय, शालिकराम त्याईले मिळाला. मामा मान खाली घालून बसला होता. त्याला असा बसलेला मी कधी पाहिला नव्हता.

पाळ टोलीतून कुठूनही दिसते. बैठक चालली होती तेव्हाही सगळ्यांच्या डोक्यामागे ती होतीच. कोणी वळून बघत नव्हतं.

१२ ऑगस्ट, मंगळवार

देशकरांना फोन केला. मी असं काही बोललो नव्हतो, मॅडम — म्हणाले. पण फोन ठेवेनात, शेवटी मीच ठेवला.

नंतर सुमंतचा फोन. गिऱ्हाईक बिघडवू नको. उद्घाटनालाही त्यांनाच बोलावलंय. एकदा मुंबईला पोहोचलीस की काय बोलायचं ते बोल.

मुंबईला पोहोचेपर्यंत पाळ थांबेल?

१९ ऑगस्ट

कापडं फ्रेमला लावली. सगळी एकदम भिंतीवर पाहिली. घरभर सामान आहे आणि घर नाही. मामी पुसून टाक म्हणाली, तेव्हाच तिचं ऐकायला हवं होतं का?

पाऊस सुरूच.

२४ ऑगस्ट, रविवार

केलं. काय केलं ते मलाच नीट कळत नाहीये.

सकाळी उद्घाटन. खूप लोक, पत्रकार, कॅमेरे. मामी आली होती, नवीन लुगड्यात, भेदरलेली. मामा आला नाही. त्याची म्हैस विणार होती, आणि टोली सोडून एकटं निघणार नाही हे त्याने धरूनच ठेवलंय. देशकर पहिल्या रांगेत होते. सुमंतने माईक माझ्या हातात दिला — प्रेरणेबद्दल दोन शब्द.

मी देशकरांकडे बोट दाखवलं. म्हटलं, "राखेच्या तलावाची पाळ फुटणार आहे हे या साहेबांना माहीत आहे. मला एकटीला सांगितलं आणि गावाशी खोटं बोलले. हा माणूस खोटारडा आहे."

मग सगळे एकदम बोलायला लागले. देशकर उठले. दाराशी मामी उभी होती, तिच्याजवळ थांबले. मामा आले नाहीत का, असं विचारलं म्हणे. मामीने सांगितलं — घरीच हाय. ते गेले.

सुमंतने हात जोडले माझ्यासमोर. मुंबई संपली. मामी रात्रीपुरती माझ्याकडे आहे. न जेवता झोपली. मला बरं वाटायला हवं होतं. वाटत नाहीये. बाहेर ओततंय.

२५ ऑगस्ट, सोमवार

पाळ पहाटे फुटली. मामाचं घर नाही. टोलीच नाही. पण माणसं आहेत — सगळी!

मामाचा फोन आला, दुसऱ्या कोणाच्या तरी मोबाईलवरून. काल दुपारी देशकर टोलीत आले. एकटेच, स्वतःच्या गाडीने. पावसात दारोदार फिरले. मी खोटं बोललो होतो, निघा, असं प्रत्येक घरी सांगितलं. अंधार पडायच्या आत सगळी टोली सडकेवर. सगळ्यात शेवटी मामा, म्हशीसकट.

मी विचारलं, आणि ते?

"पाणी सोडाचं दार उघडाले पाळीवर गेले सायब. म्हणाले, दाब कमी झाला तर घरं वाचतीन." मागे म्हैस हंबरत होती. "अजून सापडले नाही, पोरी."

आजच्या पेपरात माझं कालचं वाक्य आहे. त्यांच्या फोटोखाली.